तीन तुझ्याकडे, एक माझ्याकडे

ताई,

काकी अजून माझ्याशी बोलत नाही. वंदना एक दिवसाआड मुलुंडहून घाटकोपरला डबा घेऊन जाते. तिच्याशी काकी बोलते, डब्यातलं थोडंफार खाते, शेजारच्यांच्या तक्रारीही सांगते. माझं नाव निघालं की मात्र उठून गॅलरीत जाऊन उभी राहते. तू गेलीस त्याला महिना होत आला. दहाव्याला नाशिकला न्यायला अस्थी नव्हत्या. तेराव्याला काकी जेवायला बसली नाही. तिच्या मते तुझं काहीच झालेलं नाही, तू मधेच कुठेतरी अडकून पडली आहेस आणि तुला तिथे मी ठेवलं आहे.

तुला यातलं बरंच माहीत आहे. तरी मला एकदा सगळं सुरुवातीपासून मांडून बघायचं आहे. तू असताना ते कधी जमलं नाही, कारण तू मधेच तोडायचीस.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा बायको म्हणून आधी वंदनाची तपासणी झाली, तिची जुळली नाही. तुझी जुळली. तू कारखान्यातून रजा काढलीस, तुमच्या पॅकिंग खात्यातल्या मुलींना सांगितलंस की भावाचं एक काम आहे. काकीला तर आधी सांगितलंच नाहीस. आई गेल्यावर आपल्या दोघांना वाढवलं ते काकीने, तिला स्वतःचं मूल नाही, आणि दोघांनाही एकाच दिवशी टेबलावर घेणार हे तिला सोसलं नसतं, असं तुझं म्हणणं. आदल्या संध्याकाळी तिला कळलं. तेव्हाही ती अशीच गॅलरीत जाऊन उभी राहिली होती.

ऑपरेशननंतर मी तुझ्याशी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. तू खाटेवर कुशीवर वळायला धडपडत होतीस, नर्सवर वैतागली होतीस. माझं अर्धं वाक्य ऐकून म्हणालीस, "गप रे. पाणी पी." तो विषय तिथे संपला. पुढे दोन-तीनदा मी तो काढायला गेलो, दर वेळी तू टीव्हीचा आवाज वाढवलास.

दर रविवारी तुझा फोन यायचा. माझी चौकशी नंतर, आधी "ती कशी आहे?" रिपोर्ट चांगला आला की ती 'तुझी' किडनी असायची, मी नीट सांभाळली म्हणून. मी लग्नात जाऊन लोणचं-पापड खाल्लं हे वंदनाने सांगितलं की ती 'माझी' व्हायची. "माझ्या किडनीला मीठ घालू नकोस हां," असं तू फोनवर दरडावायचीस आणि मागून काकीच्या हसण्याचा आवाज यायचा.

प्रदर्शनांचं वेड त्यानंतरचं. शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात वर्षातून एकदा सामान्य लोकांसाठी शरीराचं प्रदर्शन भरतं, हे तू पेपरात वाचलंस आणि मला फोन केलास. मला गर्दीत जायची अजून मोकळीक नव्हती. तू डॉक्टरांना विचारून आलीस, माझ्यासाठी मास्क घेतलास आणि मला जवळजवळ ओढत नेलंस. कशाला जायचं, असं मी विचारलं तर म्हणालीस, आपल्यातून काय काढलं ते एकदा बघायला नको?

मला तो हॉल आठवतो तो वासाने. डोळ्यांना झोंबणारा औषधी वास, मास्कमधूनही यायचा. लांबलचक टेबलांवर काचेच्या बरण्या, प्रत्येकीपुढे पांढरा कोट घातलेला एक विद्यार्थी, आणि शाळांच्या रांगा. काळवंडलेलं फुप्फुस, खडे भरलेलं पित्ताशय, चिरून ठेवलेलं हृदय. तू सगळं सोडून भराभर पुढे गेलीस. किडनीच्या बरणीपुढे थांबलीस ती थांबलीसच. उभी चिरलेली, उकडलेल्या शिंगाड्याच्या रंगाची. मुठीत मावेल एवढी.

"एवढीशीच?" तू त्या मुलीला विचारलंस.

पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली, हो, एवढीच असते. मग तू तिला विचारलंस की दुसऱ्याची किडनी बसवतात तेव्हा जुनी काढून तिच्या जागी बसवतात का. ती म्हणाली, नाही, जुन्या बहुतेक वेळा तशाच ठेवतात, नवी पुढच्या बाजूला, पोटाच्या खाली उजवीकडे बसवतात. शेजारच्या प्लास्टिकच्या मॉडेलवर तिने बोट ठेवून दाखवलं. हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुला नव्हतं. तू माझ्या शर्टाकडे बघितलंस आणि हिशेब केलास. "म्हणजे तीन तुझ्याकडे, एक माझ्याकडे. हा कुठला न्याय?" ती मुलगी आधी दचकली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती आपल्या दोघांकडे अशी बघत राहिली की जणू आपणच बरणीत आहोत. मागच्या शाळेतल्या बाईंनी रांग पुढे सरकवा म्हणून सांगितलं तेव्हा तू हललीस.

बाहेर आल्यावर तू कॅन्टीनमध्ये इडली-वडा मागवलास. माझी प्लेटही तूच संपवलीस.

त्यानंतर आपण तिथे जवळजवळ दर वर्षी गेलो. का ते तू कधी सांगितलं नाहीस. मला वाटतं तुला तिथली शांतता आवडायची. हॉलमध्ये गोंगाट असायचा, पण त्या बरण्यांपुढे माणसं आपोआप हळू बोलायची. तू विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायचीस आणि उत्तर येत नसलं की "असू दे, पुढच्या वर्षी सांग" म्हणून पुढे जायचीस. घरी येऊन काकीला सगळं साग्रसंगीत सांगायचीस. ती कान झाकून घ्यायची आणि मग विचारायची, पुढे काय?

मग ते दुसरं प्रदर्शन आलं, तिकीट लावून, पश्चिम उपनगरात एका मोठ्या हॉलमध्ये. तिथे बरण्या नव्हत्या. आख्खी माणसं होती. कातडी काढून, आतलं पाणी काढून, त्यात प्लास्टिकसारखं काही भरून टिकवलेली. एक धावण्याच्या पवित्र्यात, एक खुर्चीत बसलेला, एक हात वर करून उभा. वर मंद दिवे, कुठूनतरी हळू संगीत. वास अजिबात नाही. मला ते जास्त जड गेलं. कॉलेजातल्या बरण्यांमध्ये अवयव होते, इथे कोणाकोणाची उंची होती, खांद्यांची ठेवण होती.

एका बाईपुढे तू बराच वेळ उभी राहिलीस. मी पुढचं एक दालन बघून परत आलो तरी तू तिथेच. चेहऱ्यावर कातडी नव्हती, पण कान तसेच ठेवले होते. तू मला जवळ बोलावून हळूच म्हणालीस, "हिचे कान टोचलेत."

मी बघितलं. पाळीला बारीक भोक होतं.

कोणीतरी तिला मांडीवर घेऊन ते टोचलं असणार. ती रडली असेल. हे मी तेव्हा बोललो नाही. बोललो ते वेगळंच. मी तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलाला विचारलं की ही कोण होती. तो म्हणाला, नावं आम्हाला सांगत नाहीत. मी विचारलं, हिला विचारून आणलंय का इथे? तो म्हणाला, सगळी कागदपत्रं आहेत सर, जास्त मला माहीत नाही. त्याचा काही दोष नव्हता. पण माझं डोकं तिथेच फिरलं.

बाहेर रस्त्यापलीकडच्या हॉटेलात आपण बसलो आणि तिथे आपलं ते भांडण सुरू झालं, जे पुढची कित्येक वर्षं चाललं. मी म्हणालो, ज्याला विचारलेलं नाही त्याला असं उभं करणं बरोबर नाही, मग लोक त्यातून कितीही शिकोत. कॉलेजातसुद्धा टेबलावर येतात ते बरेचदा बेवारस, ज्यांना न्यायला कोणी आलं नाही ते. जिवंतपणी त्यांना कोणी विचारलं नाही, मेल्यावरही नाही. तू तुझा डोसा खात ऐकत होतीस. मला वाटलं, तुला पटतंय.

"पटतंय ना," तू म्हणालीस. "म्हणूनच ज्यांना विचारता येतं त्यांनी द्यायला पाहिजे. मी देणार आहे."

मी म्हटलं, तू आधीच दिलंयस. आता पुरे.

तू डोशाचा तुकडा तोंडाजवळ नेता नेता थांबलीस. "ते तुला दिलं. तुला तर द्यायचंच होतं. त्यात देणं कसलं?"

मी बिल मागवलं. थोड्या वेळाने तू, जसं एखाद्याला भिशीत ये म्हणावं तसं, म्हणालीस की तूही नाव दे. मी म्हटलं, माझं मी बघेन. तू म्हणालीस, बघ, घाई नाही. मग तू पुढच्या आठवड्यात रजा टाकलीस आणि त्याच मेडिकल कॉलेजात जाऊन देहदानाचा फॉर्म भरून आलीस. त्यानंतर दर प्रदर्शनाला, दर गणपतीत, कधी कधी फोन ठेवता ठेवता तू विचारायचीस, "ठरलं का तुझं?" मी म्हणायचो, नाही. मला जळायचं आहे, सरळ, चारचौघांसारखं. तू म्हणायचीस की जळून कोणाला काय मिळतं. मी म्हणायचो की सगळंच कोणाला तरी मिळायला कशाला हवं. कधी हे थट्टेत चालायचं, कधी वंदना मधे पडायची.

शेवटचं हे बोलणं दिवाळीत झालं. तू फराळाचे डबे घेऊन मुलुंडला आली होतीस, माझ्या वाटचा चिवडा वेगळा, बिनमिठाचा. जिना उतरताना तुला धाप लागली. मी डॉक्टरकडे जा म्हटलं, तू हो म्हणालीस. खाली रिक्षात बसताना तू पुन्हा विचारलंस, ठरलं का. मी उत्तर द्यायच्या आत रिक्षा निघाली.

काकीचा फोन सकाळी आला. चहा घेऊन ती तुला उठवायला गेली होती. मी आणि वंदना पोचलो तेव्हा तू उजव्या कुशीवर होतीस, ऑपरेशननंतर सवय लागली होती तशीच. आपले नेहमीचे डॉक्टर आले, म्हणाले हृदयविकार, झोपेतच. एक किडनी असण्याशी याचा काही संबंध आहे का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, नाही. माझ्या स्वतःच्या डॉक्टरांनाही नंतर विचारलं, तेही नाही म्हणाले. दोघांनी विचार करून सांगितलं, की माझ्याकडे बघून, ते मला कळलं नाही.

शेजारपाजारचे जमले. काकीने तुझ्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, केस विंचरून दिले. तिने मला विचारलं की कुठल्या स्मशानात न्यायचं. मला वाटत होतं तू तिला सांगितलं असशील. तू तिला प्रत्येक बरणीबद्दल सांगितलंस, त्या टोचलेल्या कानाबद्दल सांगितलंस, फक्त हेच नाही. त्यामुळे ते मलाच सांगावं लागलं, सगळ्यांच्या देखत.

काकी आधी समजली नाही. मग समजली. "तिका उभी करून ठेवतले?" तिने विचारलं. "लोक तिकीट काढून बघतले?"

मी सांगितलं, नाही काकी, तसं नाही, डॉक्टर होणारी मुलं तिच्यावरून शिकतील, मग कॉलेजच तिला अग्नी देईल. ती म्हणाली, कधी? मला सांगता येईना. वर्षाने, दोन वर्षांनी. ती म्हणाली, तवसर? तोपर्यंत तिथेच, मी म्हणालो. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तुला खाली नेलं तेव्हाही बाहेर आली नाही.

शववाहिनीत मी तुझ्याजवळ बसलो होतो. तिथपर्यंत मी ठरवलेलं नव्हतं, हे तुला सांगायला हरकत नाही. जवळचा नातेवाईक म्हणून शेवटचा शब्द माझा होता. मी गाडी वळवून स्मशानात न्या म्हटलं असतं तर कोणी अडवलं नसतं. काकी दार उघडून बाहेर आली असती. नातेवाइकांना बरं वाटलं असतं. आणि मलाही.

कॉलेजच्या मागच्या बाजूला एका लहान खोलीत शरीररचनाशास्त्राच्या एक तरुण डॉक्टर बसल्या होत्या. नम्र होत्या, घाई करत नव्हत्या. मृत्यूचा दाखला बघितला, काही आजार होते का विचारलं, मग कुठली मोठी शस्त्रक्रिया झाली होती का ते विचारलं.

"डावी किडनी नाही," मी म्हणालो.

"कशामुळे काढली?"

"दिली."

"कोणाला?"

"मला."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाल्या, एक मिनिट, मी सरांना विचारते, कधी कधी अवयव नसला तर आम्ही घेत नाही. त्या फोन घेऊन बाहेर गेल्या. त्या वेळात मला वाटत होतं की त्यांनी नाही म्हणावं. म्हणजे सगळंच सुटलं असतं. तुझा शब्द मी मोडला असं झालं नसतं, काकीकडे मान वर करून जाता आलं असतं. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, जुनी शस्त्रक्रिया आहे, सर म्हणाले चालेल. उलट मुलांना कळेल की एका किडनीवर माणूस इतकी वर्षं कसा जगतो.

मग त्यांनी विचारलं, "तुमची हरकत नाही ना?"

मी तुझ्याकडे बघितलं. स्ट्रेचरवर होतीस, चेहरा उघडा. मला त्या हॉलमधली ती बाई आठवली, जिला विचारलं होतं की नाही हे मला कधीच कळणार नाही. तुझ्याबाबतीत मला माहीत होतं. दहा वर्षं तू माझ्याशी त्यावरून भांडत होतीस. माझी हरकत होती, ताई. आजही आहे. पण मी नाही म्हणालो असतो तर तुलाही न विचारल्यासारखंच झालं असतं. मी म्हणालो, हरकत नाही. त्यांनी विचारलं की कानातल्या कुड्या काढून देऊ का. मी हो म्हटलं. त्या मी काकीला दिल्या, तिने त्या घेतल्या, माझ्याकडे न बघता.

इथवर लिहिलं होतं ते मागच्या आठवड्यात. काकी बोलत नाही, हे वर लिहिलंय, ते तेव्हाचं. पुढचं कालचं आहे.

काल दुपारी वंदना काकीला मुलुंडला घेऊन आली. काकी स्वतःहून येते म्हणाली होती. तिला लिफ्टची भीती वाटते, म्हणून दोन मजले चढून आली आणि माझ्यासमोर खुर्चीत बसली. पाणी प्यायली. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम विचारलं, "खय आसा ती?"

मला वाटलं तुझ्याबद्दल विचारतेय. मी कॉलेजचं सांगायला लागलो. तिने हाताने थांबवलं. "ती नाय. तिची किडनी. तुझ्या पोटात खय आसा?"

मी शर्टावरून जागा दाखवली, उजवीकडे, खाली. ती बघत राहिली. हात लावला नाही. चालते ना नीट, असं विचारलं. मी म्हटलं, चालते, परवाच रिपोर्ट आलाय, चांगला आहे. गोळ्या घेतोस ना, घेतो. वंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही हलली नाही.

मग काकी म्हणाली की गेला महिनाभर ती याचाच विचार करत होती. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. म्हणाली, "तुका अग्नी मिळतलो, तेव्हा तिका पण मिळतलो. तेवढी तरी ती जळतली. माका बघूक मिळाचा नाय, पण मिळतलो. होय मा?"

तुझा प्रश्न होता ना, ठरलं का म्हणून. त्याचं उत्तर मी इतकी वर्षं 'नाही' असं देत आलो ते कंटाळा म्हणून, हट्ट म्हणून, थोडं तुला चिडवायला म्हणून. कॉलेजातून आल्यावर मात्र मी त्याचा खरंच विचार करत होतो. तिथल्या त्या शांत डॉक्टर, तू तशी पडलेली. दोन-तीनदा वाटलं होतं की आपणही नाव द्यावं. मुलांना एकाच्या पोटात तीन मिळतील, दुसरीच्या पोटात एक. कोणी जोड लावली तर लावली. तुला ते आवडलं असतं. हे मी वंदनालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी काकीला म्हटलं, काकी, ताईला हे चाललं नसतं. तिला विचारायला हवं होतं.

"ती आता काय सांगतली?" काकी म्हणाली. "तिचा जा काय रवला, ता तुझ्याकडेच आसा. तूच सांग."

ताई, काकी ऐंशीच्या पुढे आहे. तिने तुला न्हाऊमाखू घातलं, आणि तुला पोचवायला ती खाली उतरू शकली नाही. मी तिला हो म्हणालो. ती जेवून गेली, पोटभर. जाताना वंदनाला म्हणाली की याला मीठ देऊ नकोस.

तू रागावली असशील, हे मला कळतं. तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे आणि ते अजूनही चुकीचं वाटत नाही. पण आता भांडायचं झालं तर तुझी बाजूही मलाच मांडावी लागणार.